जगात जर्मनी

आमच्याकडं शेंबडं पोरगंही म्हणतं,
जगात जर्मनी, भारतात परभणी.
का म्हणतात, विचारलं तर
जो तो वेगळंच कारण सांगतो
आणि छाती पुढं काढतो.
मीही काढायचो.
जिंतूर रोडच्या दुकानात
जळालेल्या मोटारींची तार उकलताना
गिऱ्हाइकाला ऐकवायचो.

आता तीच म्हण
कौटुंबिक न्यायालयात दोन बाजूंना उभी आहे.
अर्जदार : करुणा. जर्मनी.
जाबदार : मी. परभणी.
मधल्या बाकावर पाय हलवत यशोधरा, वय वर्षं आठ,
एका सँडलचा पट्टा सुटलेला.
तो लावायला आम्ही दोघंही एकदम वाकलो,
आणि दोघंही थांबलो.

करुणा नर्स आहे.
अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस घरी,
मग पुन्हा अकरा महिने,
असं नऊ वर्षं.
रात्रपाळीहून येऊन भाकरी थापता थापता
फळीला चिकटवलेले कागद पाठ करायची :
डेअर, डी, दास.
मी म्हणालो होतो,
तिकडच्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढायला
एवढा अभ्यास करायलीस का?
ती म्हणाली, इकडं तेच काढते.
फक्त पगार येत नाही.

हे लेखी म्हणण्यात नाही.
तिथं असं आहे :
'अर्जदार ही मुलीकडे दुर्लक्ष करते.'
शब्द वकिलांचे, सही माझी.
शाई वाळेपर्यंत आठवत होतं,
गोवर निघाला तेव्हा तीन रात्री
लेकरू कुणाच्या मांडीवर होतं,
आणि पलीकडच्या खोलीत कोण घोरत होतं.

यशूला दुकान आवडतं.
उलट्या बादलीवर बसून ती माझी वेटोळी मोजते.
एका खोबणीत बासष्ट.
एखादं कमीजास्त झालं तर मोटार तापते,
पुन्हा जळते, गिऱ्हाईक शिव्या देतं.
परवा मोजता मोजता म्हणाली,
बाबा, पाण्याला तिकडं वासर म्हणतात.
म्हटलं, वासरू तर गाईचं.
हसून हसून तिला उचकी लागली.
अन् नाहीला नाइन.
अन् हो म्हणायचं असलं की नुसतं, या.
या?
हं. या.
माझी तार तेव्हा कितव्या वेटोळ्यावर होती,
ते तिलाही सांगता येईना.
सगळी उकलून पहिल्यापासून भरली.

उरुसातल्या मोठ्या पाळण्यात
वर गेल्यावर तिनं विचारलं होतं,
इथून दिसतं का?
काय, ते मी विचारलं नाही.

न्यायाधीश बाईंनी तिला आत नेलं, एकटीला.
वीस मिनिटांनी बाहेर आली, हातात लिमलेटची गोळी.
आत काय बोलली, आम्हा दोघांनाही सांगितलं नाही.
गोळी दातानं फोडून अर्धी तिला दिली,
अर्धी मला.

मग बाईंनी अटी वाचल्या.
पासपोर्टसाठी जाबदाराची संमती.
दर रविवारी व्हिडिओ कॉल,
भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सहा.
वर्षातून सहा आठवडे परभणीत,
तिकिटाचा खर्च अर्जदाराकडे.
आजारपण, शाळा, पत्ता बदलला तर कळवणे.
सगळं कलमांत बसलं.
बासष्ट वेटोळी बसावीत तसं,
घट्ट, वर वॉर्निशचा हात.

माझ्या आईच्या घरी
निघणारा माणूस जातो म्हणत नसे.
येतो म्हणे.
दारातलं माणूस म्हणे, या.

जाबदार, तुम्हाला हे मान्य आहे?

यशूनं पट्टा स्वतःच लावला होता,
चुकीच्या भोकात.
करुणा भिंतीकडं बघत होती.
मी म्हणालो, या.

काय म्हणालात?
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
टंकलेखकाची बोटं थांबली.
बाकावरून तेवढी यशू हसली,
मग हसायची थांबली.